जगूची निळी वही

नरडाणा
दि. २० जानेवारी २०२५

चि. किरण यास जगदीशच्या आईचे आशीर्वाद.

तू पुण्याहून पाठवलेलं पार्सल मिळालं. गिटार एक, काळं जाकीट एक, तुमच्या बँडचे फोटो सात. स्टँडवरून घरी आणायचे रिक्षावाल्याने साठ मागितले, चाळीस दिले. गिटार देवघराशेजारी उभी केली, तर हे म्हणाले, "आता तिचीही आरती करशील!" यांचं गुडघ्याचं दुखणं तसंच आहे. बाकी कानबाईच्या कृपेने ठीक.

जावेच्या मुलीने, भाविकाने, मोबाइलवर तुमचं गाणं लावलं. पुढे उभा राहून गातो तो आपला जगू, हे ओळखायलाच वेळ लागला. खाली लोकांनी लिहिलंय, असा ब्लूज-रॉक गाणारा पुन्हा होणार नाही. पण ती चाल अमेरिकेची नाही रे. कानबाईच्या नैवेद्याला रोट करतात, त्यांचं दळण जात्यावर दळताना मी तिचं गाणं म्हणायची, तीच ती. तो माझ्या पाठीला पाठ लावून ऐकत बसायचा.

त्याच्या शेवटच्या गाण्याचे शब्द निळ्या वहीत आहेत, त्यावाचून तुमचं काम अडलंय, असं तू लिहिलंस. वही घरात सापडत नाही.

नाही, खरं लिहिते. कार्तिकात तो गेला, त्याच्या दहाव्याला मुडावदच्या संगमावर मी ती तापीत सोडली. कुठलीही वही असो, पहिल्या पानावर 'कानबाई माता प्रसन्न' लिहायचं, ही सवय मीच त्याला लावलेली. या वहीवरही होतं. जाऊबाई म्हणाल्या, "अक्का, देवीनं नाव शे. रद्दीमा देवानी नही ती."

पण जावेचं नाव उगाच घेते. मी एक पान वाचलं होतं.

'माय, कडी काढ, मांगाले नही उनू
तुनं जातं ऐकाले उनू.'

मागायला नाही आलो, तुझं जातं ऐकायला आलो, असं लिहिलं होतं.

गेल्या श्रावणात कानबाईच्या दिवशी तो भरदुपारी पिऊन आला. घरात पाहुणे. रोटाच्या दळणात घरच्या माणसांच्या नावाने गहू घालतात, तसे त्याच्या नावाचे सव्वा मूठ मीच घातले होते, आणि आतून कडीही मीच लावली. पाहुण्यांनी विचारलं, कोण आहे? मी म्हटलं, कोणी मागणारा असेल.

त्याने दाराबाहेर ते ऐकलं, हे मला ते पान वाचून कळलं. चार लोक वाचतील म्हणून वही सोडली. तुझं पत्र आल्यावर हे संगमावर जाऊन आले. नावाडी म्हणाला, कागद दोन दिवसही टिकत नाही.

मला या दोनच ओळी पाठ आहेत. उपयोगी पडल्या तर गा. माझी लाज धरू नकोस.

त्या दिवशी तो तसाच मागे फिरून तुझ्या खोलीवर आला होता, हे तूच मला सांगितलंस. माझ्याबद्दल काय बोलला, ते विचारत नाही. तुझ्याकडे येऊन तो जेवला होता का, एवढंच उलट टपाली कळव.

जगूची आई,
कमलबाई