स्टेजवरची ओटी

१९ नोव्हेंबर १९७२

नगरला येऊन मी सुधारले! अकोले तालुक्यात आमच्या विहिरीनं तळ दाखवला, म्हणून रंगनाथ मला एस.टी.त घालून इथं सावेडीला घेऊन आला. वाटेत एकदाही उलटी झाली नाही. कंडक्टरलाच झाली.

नात बनूनं अर्धी वही दिली. म्हणते, आजी, दुसरी शिकलीस ना, मग रोज लिही. लेकाची पोर मास्तरीण निघाली, काय करता!

सून मालन नाटकात काम करते. तिच्या हापिसातल्या लोकांचं नाटक, स्पर्धेसाठी. रंगनाथला पसंत नाही. बोलत नाही, चहा न पिता जातो. काल मात्र बोलला — "बक्षीस मिळालं तर पुढं कर. न्हाईतर हे शेवटचं." ती बरं म्हणाली. भाकरी करपली तेवढी.

२१ नोव्हेंबर

तालमीला गेले. नाटक बसवणारे गहिनीनाथ मास्तर — गळ्यात मफलर, भर दुपारी. मालनचं काम तरुण विधवेचं. शेवटी घरात हळदीकुंकू असतं, सगळ्या बायकांच्या ओट्या भरतात, ही कोपऱ्यात उभी. तिच्याकडं कोणी बघत नाही. पडदा.

मी म्हणलं, यात नवं काय दाखवता? रंगनाथ पाळण्यात होता तेव्हा हे गेले. तेव्हापासून मी कोपऱ्यातच आहे. तिकीट कशाला काढायचं, माझ्याकडं या, फुकट दाखवते. मास्तर हसले नाहीत.

२४ नोव्हेंबर

आमच्याकडं बोहाडा असतो. मुखवटे लावून देवांची सोंगं नाचतात. देवीचं सोंग आलं की बायका पुढं होऊन तिची ओटी भरतात. मुखवट्याखाली आमचा आसाराम सुतार असतो, मिशा बाहेर आलेल्या. पण त्या घटकेला तो देवीच.

मग सुनेचं नको करायला? खण, नारळ, तांदूळ पिशवीत घातले. मला काही ओटी भरता येत नाही. म्हणून शेजारच्या रंगुबाईला ठरवलं. तिचे मालक धडधाकट आहेत, रोज भांडतात. नाटक संपलं की तिनं भरायची.

२६ नोव्हेंबर

काय लिहू.

स्पर्धेच्या थेटरात खुर्च्या छान होत्या, उठलं की आपोआप मिटतात. त्या नादात मी चारदा उठले. रंगुबाई बसली ती बसली, दुसऱ्या अंकात घोरायलाच लागली. रंगनाथ मागं दाराशी उभा — रेशनच्या रांगेत असल्यासारखा.

शेवटचं हळदीकुंकू आलं. मला सगळं माहीत होतं. पण मालननं पदर जरासा पुढं केला आणि मागं घेतला. हे तालमीत नव्हतं!

रंगुबाईला ढोसलं. उठेना. पुन्हा ढोसलं. मग मीच पिशवी घेऊन पायऱ्या चढले.

मालन हळूच म्हणाली, "आत्याबाई, खाली जा."

मी म्हणलं, "पदर धर."

धरला बाई तिनं. खण, नारळ, तांदूळ, सगळं ओटीत घातलं. टाळ्या पडल्या. पडदाही पडला.

आत मास्तर डोकं धरून बसलेले. म्हणाले, "आजी, तिची ओटी कोणी भरत नाही, हेच तर नाटक होतं."

टांग्यात रंगुबाईच तेवढी बोलत होती — म्हणे, शेवट लई चांगला झाला!

बक्षीस गेलं. म्हणजे मालनचं नाटक गेलं. माझ्यामुळं.

२७ नोव्हेंबर

मालननं चहा दिला. साखर नव्हती. मी मागितली नाही.

३० नोव्हेंबर

पहिलं बक्षीस! परीक्षकांना शेवटच आवडला. विधवेची ओटी विधवेनंच भरायची, तीही लोकांतून उठून — केवढा विचार म्हणे! मास्तरांच्या गळ्यात मफलरवर हार. तो विचार आपल्याला कसा सुचला, यावर ते चांगलं लांब बोलले. खरं तर हार रंगुबाईला घालायचा. ती जागी असती तर त्यांना काय सुचणार होतं?

आता शेवटच्या फेरीला मुंबईला जायचं. शेवट तोच पाहिजे, म्हणजे मी पाहिजे. रंगनाथनं बायकोला शब्द दिलेला, आणि आईला नाही कसं म्हणणार? चहा प्याला. दोन कप.

५ डिसेंबर

तालीम. मास्तर म्हणतात, आजी, सहज उठा. सहज उठा असं सांगितल्यावर कोण सहज उठेल? नारळ घेऊन आपटले असते. मालन इतकी हसली, की तिला बसवावं लागलं.

१५ जानेवारी १९७३

संक्रांत झाली. काल घरी बायका हळदीकुंकवाला आल्या. मी स्वयंपाकघरात पापड मोजत बसले. मोजायचं काही नव्हतं.

१८ जानेवारी

एस.टी.त बसून लिहिते, अक्षर हलतंय.

निघताना मालननं मला उंबऱ्यात थांबवलं. हातात तबक. म्हणाली, "आत्याबाई, पदर धरा." मला कुंकू लावलं, ओटी भरली. रंगुबाई समोर, आज टक्क जागी. मी रंगनाथकडं बघितलं. ट्रंक खाली ठेवून तो जवळ आला. "आई, कुंकू वाकडं लागलंय," म्हणाला, आणि बोटानं सरळ केलं.

मुंबईला स्टेजवर चढताना पुसायचं आहे. नाटकात मी विधवा आहे.