न वाचता दाबलेलं ओके

दादा,

तुझं सॉफ्टवेअर इन्स्टॉल झालंय. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला नव्हता आणि मीही काही बिघडवलं नव्हतं. डिस्कवर जागा नाही, असं तो बिचारा आठवडाभर सांगत होता आणि तू न वाचता ओके दाबून तीच फाइल पुन्हा डाउनलोड करत होतास. एकोणीस वेळा. अठरा मी काढून टाकल्या.

व्हायरस व्हायरस करत तू माझे फोल्डरही न उघडता उडवलेस. एकात बाबांचा आवाज होता, शेवटच्या महिन्यातला. तुझी अक्कल ठाऊक असल्यामुळे मी तो आधीच पेन ड्राइव्हवर घेतला होता. आता आईला ऐकवायला मावशीकडे चाललेय.

तू का आला नाहीस, असं आई विचारेलच. सांगेन, दादा कामात आहे, ओके दाबतोय.