पहिली चार मिनिटं

३ फेब्रुवारी, सोमवार

आमच्या गाण्यांच्या ॲपची महिन्याची वर्गणी परत कमी केली. समोरच्या मोठ्या ॲपने रिचार्जबरोबर वर्षभर गाणी फुकट वाटली, म्हणून. त्यांना काय, ते सिमकार्ड विकतात, गाणी वरची चटणी. आमच्याकडे विकायला गाणीच. निखिल, आमचा प्रॉडक्टवाला, मीटिंगमध्ये म्हणाला, "डोन्ट वरी, युजर वाढतायत." वाढतायत ते सगळे फुकटे. गाणं वाजलं की आम्हाला गाण्याच्या मालकाला पैसे द्यावे लागतात, ऐकणारा पैसे देवो न देवो. पंगत वाढली की यजमान खड्ड्यात. मी गप्प बसलो. ऑडिओ एडिटरने कात्री चालवावी, बोलू नये, महाप्याच्या या ऑफिसात एवढं शिकलोय.

घरी आनंद. दादाच्या श्रुतीचं लग्न ठरलं. ११ मे, रविवार. पोरीची एकच अट, मांडवात पदीआत्याचा धवला पाहिजे. आत्या गावची धवलारीण. चाळीस वर्षं आमच्याकडची लग्नं तिने गाऊन लावली, भटजी नंतर. दिवाळीनंतर अर्धांग झालं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळतं सगळं.

श्रुती म्हणाली, "काका, टेन्शन नको घेऊ, तुझ्या ॲपवर आहे ना. फोनवरून लावू."

६ फेब्रु., गुरुवार

श्रुतीने हौसेने आत्याच्या खाटेपाशी स्पीकर ठेवला, ॲपवरचा धवला लावला. आत्याचा स्वतःचा आवाज, खणखणीत. वाटलं डोळे भरतील. तिने डावा हात वर केला. थांब. श्रुतीने परत पहिल्यापासून लावला. परत हात. तिसऱ्यांदा हात खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटला. श्रुती म्हणाली, "दुखतंय वाटतं हिला."

दुखत नव्हतं. मला कळलं आणि मी उठून गॅलरीत गेलो.

सुरुवात नाहीये. मीच कापली.

७ फेब्रु., शुक्रवार

लिहून काढतो, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

दोन वर्षांपूर्वी कंपनीला 'फक्त आमच्याकडे' म्हणता येईल असं काहीतरी हवं होतं. मोठ्यांकडे नसलेलं. मी छाती काढून म्हणालो, माझी आत्या धवला गाते. स्टुडिओत आणली तर म्हणे, "मांडव नाय नं काय नाय, नि मी धवला बोलू? याड लागलाय का तुना?" मग माइकच्या चार स्टँडना आंब्याचे टाळे चिकटपट्टीने बांधले. हळद लावली, नारळ ठेवला. तेव्हा बसली.

पहिली चार मिनिटं नुसतं आवतण. देव, गावदेवी, मग घरातले गेलेले, एकेकाला नाव घेऊन मांडवात बोलवायचं. मी काचेपलीकडून विचारलं, एवढी नावं कशाला? "ज्याचा नाव ऱ्हायला त्यो दारान उभा ऱ्हतो."

गेल्या पावसाळ्यात 'थेट गाणं' नावाचं फर्मान आलं. तीस सेकंदांच्या आत पुढे ढकललेलं गाणं वाजलं असं धरत नाहीत, आणि पैसा घालणाऱ्यांना वाजलेल्या गाण्यांचा आकडा दाखवायचा असतो. लोक आलाप, ढोलकी, बोलणं ढकलतात. म्हणून सगळ्या गाण्यांची तोंडं कापा, पहिल्या पाच सेकंदांत चाल लागली पाहिजे. मी दिवसाला साठ-साठ कापत होतो. त्यात हाही आला. आत्याचा म्हणून माहीत होतं. विचार केला, कच्चं रेकॉर्डिंग सर्व्हरवर आहेच, काय बिघडतं. कापला. लोकांच्या फोनात उतरवलेलाही ॲपने आपोआप बदलला.

तुळशीच्या लग्नानंतर गावात लग्नं झाली ती याच कापलेल्या धवल्यावर. एकाच्याही लक्षात आलं नाही. आत्या तेव्हा हॉस्पिटलात.

१२ फेब्रु., बुधवार

कच्च्या रेकॉर्डिंगचा फोल्डर रिकामा. जयंतीला विचारलं, सर्व्हर ती बघते. म्हणाली जुनं सगळं स्वस्त जागी हलवलंय, काढून देते, चार दिवस दे. जीव भांड्यात पडला.

सु. ला अजून सांगितलं नाही. बायको असली तरी ती आत्याची लाडकी सून आहे, माझ्या बाजूची नाही.

२१ फेब्रु., शुक्रवार

सगळ्यांना खाली हॉलमध्ये बोलावलं. समोसे होते, तेव्हाच ओळखलं. निखिलचा चेहरा उतरलेला. "यार, आपण जितके वाढतो तितके बुडतो. समोरच्यांना गाण्यात नफा नकोच आहे, आपण दमायची वाट बघतायत." पैसा घालणाऱ्यांनी हात आखडलाय म्हणे. कुणीतरी विचारलं, फुकटवाल्यांना बंद करून फक्त पैसेवाल्यांसाठी चालवलं तर? "तेवढ्यांत ऑफिसचा एसी चालत नाही."

समोसे कुणी सोडले नाहीत. मीपण दोन खाल्ले.

जयंती नजर चुकवत होती. सोमवारी विचारतो.

२४ फेब्रु., सोमवार

जयंतीने जागेवर बोलावून स्क्रीन दाखवली. कच्चं रेकॉर्डिंग नाही. स्वस्त जागेचंही भाडं वाचवायला सप्टेंबरात उडवलं. यादी पाठवून ऑडिओ टीमची परवानगी घेतली होती.

"कुणाची?"

तिने मेल उघडली. माझी. यादी लांबलचक, खाली माझं उत्तर एका शब्दाचं. ओके. जेवायच्या सुट्टीत पाठवलेलं, एका हातात वडापाव असणार. यादी उघडलीसुद्धा नसणार मी.

जयंती म्हणाली, "सगळेच असं करतात रे." तिने चांगल्या मनाने म्हटलं. मला तिचा राग आला. माझाच जास्त.

२८ फेब्रु., शुक्रवार

मेल आली. ॲप ३१ मार्चला बंद. तीन ओळी आभाराच्या.

२ मार्च, रविवार

घरी सांगितलं. सगळं.

दादाने चहाचा कप खाली ठेवला. रागावला की तो गावचं बोलतो. "देवांची नावा कापलीस तू? आपल्या बापाचा नाव व्हता त्यान." मला हे सुचलंच नव्हतं. बाबांचं नाव होतं, शेवटी शेवटी. कापताना मी ऐकलं नव्हतं, स्क्रीनवर आवाजाच्या नुसत्या रेषा बघून कापतो आपण.

श्रुती रडली नाही. म्हणाली, मग काय करायचं? हेच जास्त लागलं.

सु. बोलत नाही.

९ मार्च, रविवार

शोधाशोध. दादाच्या लग्नाची सीडी सापडली, वाजलीसुद्धा. आत्या दिसते, तोंड हलतं, आणि वर व्हिडिओवाल्याने हिंदी सिनेमाचं गाणं चढवलंय. बाकी तीन घरांत तेच. शेजारच्या गावच्या धवलारणीकडे जाऊन आलो. ती म्हणाली, माझी नावं माझ्या गावाची, तुमच्यात कोण कोण गेलं मला काय ठाऊक.

उरली कुंदा. पन्नाशीची आहे, सानपाड्याला दिली, आत्याच्या हाताखाली शिकत होती. आवाज छान. गाणं पूर्ण येतं, आवतणातली पहिली पाच नावं येतात. पाचच का, विचारलं.

"तुज्या आत्यानंच थांबवला ना. बोल्ली, आता फोनान हाय सगला, शिकून काय करशील? मंग मीपन गेले नाय."

आत्याने शिकवणं सोडलं ते माझ्यामुळे. वर गेल्या वर्षी लोक तिला लग्नात पाहुणी म्हणून बोलवायचे, पुढच्या रांगेत खुर्ची, आणि धवला फोनवर. ती हसत बसायची. मला वाटायचं खूश आहे.

३१ मार्च, सोमवार

शेवटचा दिवस. कापलेला धवला तेवढा गुपचूप पेन ड्राइव्हवर घेतला. नियमात बसत नाही. बसू दे नाहीतर न बसू दे. संध्याकाळी फोनवर ॲप उघडलं तर नुसतं पांढरं. निखिलने सगळ्यांना मिठ्या मारल्या. त्याला मोठ्यांकडे नोकरी लागली आहे.

४ एप्रिल, शुक्रवार

दुपारी घरी मी आणि आत्या दोघंच. बेकार माणूस, दुसरं काय करणार. पेन ड्राइव्ह लावला. हात वर. थांबवला. या वेळी परत लावलाच नाही, नुसता बसून राहिलो.

तिने खाटेच्या दांड्यावर बोटाने ठोकायला सुरुवात केली. टक्. थोडं थांबून टक्. डोळे मिटलेले, ओठ किंचित हलत होते. बऱ्याच वेळाने थांबली, माझ्याकडे बघून मान हलवली. आता लाव. लावला. शेवटपर्यंत ऐकला तिने.

नावं घेत होती! एका नावाला एक ठोका.

५ एप्रिल, शनिवार

तीनदा मोजलं. सत्तावीस. दरवेळी सत्तावीसच.

वहीत सत्तावीस ओळी आखल्या. पहिल्या पाच कुंदाच्या. सहावं मी अंदाजाने म्हटलं, तिने माझा हात दाबला. बरोबर! सातवं चुकलं, तिने तोंड फिरवलं. मला लहानपणी गणित चुकलं की असंच करायची.

दादाला दाखवलं. तो खाटेच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला.

१३ एप्रिल, रविवार

सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटसाठी दादाने जमवलेली फाइल काढली. जुने सातबारे, वारसांच्या नोंदी, पणजोबाच्याही आधीची नावं. एकेक वाचत गेलो. एकूण सोळा ओळी भरल्या. एका नावाला आत्याने हात इतका घट्ट धरला की सोडवेना. सिडको यायच्या आधी मिठागरात साप चावून गेलेला तिचा धाकटा भाऊ. माझा काका होता, मला माहीतच नव्हता.

सु. ने आज आम्हा तिघांना चहा आणून दिला. माझा कप मला हातात दिला.

१८ एप्रिल, शुक्रवार

फाइल संपली. एकोणीस. उरलेल्या आठ बायका आहेत. आत्याला विचारलं, बाई का? हात दाबते. आठही ठिकाणी. एकाही कागदावर नाहीत. जमीन त्यांच्या नावावर नव्हती, मग कोण कशाला लिहितो. बाळंतपणात गेल्या असतील, खाडीत गेल्या असतील. त्या फक्त आत्याच्या तोंडात होत्या, आणि चार मिनिटं आमच्या सर्व्हरवर.

२५ एप्रिल, शुक्रवार

इंटरव्ह्यू. मोठ्यांचंच काम, बाहेरून करून देणारी कंपनी, ऑफिस परत महाप्यातच. समोरच्या मुलीने विचारलं, सगळ्यात चांगलं काम कोणतं केलंत? माझ्या आधी निखिलनेच कळवलं होतं. तोंडं कापल्यावर लोक गाणी कमी ढकलायला लागले, त्याचं कौतुक. तिला तेच हवंय. सगळ्या भाषांत.

१२ मे, सोमवारपासून या, म्हणाली.

हो म्हणालो. घराचं भाडं येतं, उपाशी मरत नव्हतो. तरी हो म्हणालो. लाज वाटली आणि हायसंपण वाटलं, दोन्ही खरं.

३ मे, शनिवार

कुंदा रोज दुपारी येते. आत्या ठोकते, कुंदा गाते. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून तीन बायका मिळाल्या. एक तर सु. नेच काढली, सासूबाई तिचं नाव कधीतरी घ्यायच्या म्हणून. बावीस. उरलेल्या पाच जागी कुंदा काय करणार? म्हणाली, "गप ऱ्हईन. आत्या ठोकंल, तवरा गप." आत्याची खाट मांडवात न्यायची ठरलं.

आत्या थकली आहे. खाणं निम्म्यावर. डॉक्टर म्हणाले, लग्नाचं बघा, बाकी मी काही सांगत नाही.

९ मे, शुक्रवार

आज ठोके अठ्ठावीस.

वाटलं मी चुकलो. परत मोजले. अठ्ठावीस. बाबांच्या नावानंतर, अगदी शेवटी, एक जास्त.

कुंदा म्हणाली, हिशेब चुकला म्हातारीचा. आत्याने तोंड फिरवलं. म्हणजे नाही चुकला. मग मी माहीत असलेले सगळे गेलेले म्हणून बघितले. आई? ती आधीच आहे. मामा? नाही. कुंदाचा नवरा? नाही. एवढी नावं घेतली की घसा बसला. आत्या माझ्याकडे बघत होती, कीव केल्यासारखी. मग डावा हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला.

कुंदा उठून मोरीत गेली, नळ सोडला.

मी म्हणालो, आत्या, तू आहेस ना अजून. मांडवात असणार ना तू. तिने पुन्हा हात ठेवला. तिला काय सांगायचंय ते मला समजलं. पुढच्या लग्नापर्यंत ती नसेल, आणि तिचं नाव धरून मोजायला कुणी नसेल, हे तिला माहीत आहे. तिला दारात उभं राहायचं नाहीये.

मी लहान पोरासारखा रडलो. तिने थोपटलं नाही, ठोकत राहिली.

१० मे, शनिवार

आज हळद. अंगणात मांडव पडला, टाळे बांधून झाले. दादाला छातीवर हात ठेवल्याचं सांगितलं. म्हणाला, "जित्त्या मानसाचा नाव घेत नाय त्यान. अभद्र हाय." थोड्या वेळाने परत आला. "पन ती बोलते तर..." तूच ठरव म्हणून खाली गेला. सगळे मलाच सांगतात ठरव, कापलं मी म्हणून.

आत्याला विचारायला गेलो तर तिला डोळा लागला होता. हळदीचं बोट श्रुतीने तिच्याही गालाला लावून ठेवलंय.

नावांचा कागद मोठ्या अक्षरात उतरवला, कुंदाला चष्म्याशिवाय दिसेल असा. पाच जागी नुसती रेघ. पदीबाय हे नाव अठ्ठाविसाव्या ओळीवर पेन्सिलीने लिहिलं. खोडलं. परत लिहिलं.

कुंदा उद्या सहाला येणार आहे कागद न्यायला.