दुसरा कोपरा

सिंदेवाही,
रविवार सकाळ

प्रिय पुनम,

तुझ्याशी फोनवर बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं. भिंत निदान माझं ऐकते. 'बरी आहो बाबा, तुमी जेवले काय?' एवढं विचारतेस आणि मी तोंडातला घास गिळेपर्यंत फोन बंद झालेला असतो. म्हणून हे पत्र. आपल्या शेजारचा पवन ट्रक घेऊन घुग्घुसकडे सिमेंट आणायला निघालाय, त्याच्या हाती देतोय. त्याला बजावलंय की पुनम शेवटच्या ओळीपर्यंत वाचत नाही तोवर तिथून हलायचं नाही. तेव्हा त्याला ताटकळत ठेवू नकोस, कुठेतरी सावलीत बसून वाच. अक्षर खराब आहे. आयुष्यभर हातात मिस्त्रीची करणी धरली, पेन धरायची वेळ आलीच कुठे?

तू घर सोडून वर्ष होत आलं. जाताना उंबऱ्यात उभी राहून म्हणालीस, 'मले कोणी मिस्त्री म्हणून बलावन, तवाच मी या घरी येईन.' तुझी आई अजून ते आठवते आणि चुलीसमोर एकटीच बडबडते. यंदा धान बरं झालं, लाखोळीची डाळ पेरून झाली, मांजरीला पिल्लं झाली, सगळं तुला सांगायचं म्हणून ती साठवून ठेवते आणि फोन आला की विसरते. मला तुझ्या बोलण्याचा राग नाही. कारागिराला एवढा ताठा असावाच. पण तू दिवाळीलाही आली नाहीस, आणि तुझ्यावाचून माझं जे चाललंय त्याला काम म्हणायची मला लाज वाटते, याचा मात्र राग आहे. तो कुठे काढावा ते कळत नाही, म्हणून सध्या तो झिंगूवर निघतो.

हो, तुझ्या जागी मी झिंगूला घेतलंय. माणूस वाईट नाही, एकच बिडी उरली तर अर्धी देतो, पण विटेशी त्याचं सात जन्मांचं वैर आहे. विटा टाक्यात बुडवून ठेवायच्या, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, हे तुला लहानपणी एकदा सांगितलं होतं. त्याला रोज सांगतो. तो वरून घमेलंभर पाणी शिंपडतो आणि म्हणतो, 'झाली ना भाऊ ओली.' कोरडी वीट सिमेंटच्या मालातलं पाणी पिऊन टाकते, मग माल विटेला धरतच नाही, नखाने खरवडला तरी गळतो. ते त्याला पटत नाही. विटेची खाच वर ठेवायची तर हा खाली ठेवतो, माल कमी लागतो म्हणे. परवा पाहिलं तर जोत्यापासून वरपर्यंत उभ्या सांध्यावर उभा सांधा. अरे बाबा, खालच्या सांध्यावर वरच्या विटेचं पोट यायला पाहिजे, नाहीतर भिंत तिथूनच चिरेल, असं मी ओरडलो. तर म्हणाला, 'गिलावा केल्यावर कोणाले दिसते, भाऊ?' मी करणी फेकली. त्याला लागली नाही, पण घरमालकाच्या चहाच्या किटलीला पोचा आला, आणि मग दिवसभर कोणाला चहा मिळाला नाही. झिंगूचं तोंड मात्र असं, जणू किटली त्याच्या बापाची.

आणि घरमालक तरी काय. सगळ्यांना घाई. एका दिवसात भिंत खिडकीच्या वर गेलेली दिसली पाहिजे. खालचा माल ओला असताना वर वजन चढवलं की भिंत बसते, हे सांगावं तर, 'देवराव, आता पहिल्यासारखा हात चालत नाई काय?' पाणी मारा म्हटलं की पहिल्या दिवशी उत्साहात मारतात, नंतर नळी कोपऱ्यात पडून राहते. मग चार महिन्यांनी चीर पडली की मिस्त्रीच्या नावाने शिमगा. पूर्वी संध्याकाळी गाडीवरून परत येताना मी हे सगळं तुझ्यापाशी ओकायचो आणि तू मागच्या सीटवर हसत बसायचीस. आता मागे झिंगू असतो, त्यालाच शिव्या देतोय हेही त्याला कळत नाही.

सगळ्यात मोठं दुखणं कोपऱ्याचं. भिंत कधी मधून सुरू होत नाही. आधी दोन टोकांचे दोन कोपरे ओळंबा सोडून सरळ उभे उचलायचे, मग त्यांच्यामध्ये सूत ताणायचं आणि त्या सुताला धरून मधल्या विटा भरत जायच्या. आपल्याकडे पहिल्यापासून एका कोपऱ्याला एक मिस्त्री आणि दुसऱ्याला दुसरा. ज्याच्या हाती सुताचं टोक, त्याच्यावर डोळे झाकून विश्वास. तू पहिल्यांदा ते टोक धरलंस तेव्हा तुझ्या अंगात शाळेचा फ्रॉक होता. मी गंमत म्हणून ओढायचो, आणि तू दात-ओठ खाऊन पाय रोवायचीस, सूत काही सैल पडू द्यायची नाहीस. पुढे तू स्वतः कोपरा उचलायला लागलीस आणि मी तुझ्या कोपऱ्याला ओळंबा लावून बघायचं सोडून दिलं. झिंगूच्या कोपऱ्याकडे मला दर दोन थरांनी धावावं लागतं. तिकडे गेलो की इकडचा माल सुकतो. इकडे आलो की तिकडचा कोपरा कलतो. दिवसभर मी बांधतो कमी आणि पळतो जास्त.

घरमालक नानाजींच्या नव्या घराचा कोपराही तूच उचलला होतास. त्याबद्दल आपण घरात कधी बोललो नाही, आता लिहितोच. दाराची चौकट बसवायच्या दिवशी नानाजी नारळ, हळद-कुंकू, मिस्त्रीला द्यायचा टॉवेल, सगळं घेऊन आले, आणि कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं की चौकटीच्या बाजूची भिंत पोरीच्या हातची आहे. 'देवराव, चौकटीले बाईचा हात आमच्यात चालत नाई. एवढा कोपरा पाड आणि तुह्या हातानं घाल.' टॉवेल त्यांच्या हातातच होता. मी ओळंबा, करणी, सूत गोळा केलं आणि तुला घेऊन घरी आलो. ते माझं भांडण होतं, आणि तू ते स्वतःच्या डोक्यावर घेतलंस. 'तुमचं काम बुडते माह्यापाई,' म्हणालीस. कोणी सांगितलं तुला? तू हौदावर घमेली धूत होतीस तेव्हा मी नानाजींना जे बोललो ते या पत्रात लिहिण्यासारखं नाही, पण तालुक्यात सगळीकडे ते पोचलं. लोक मला बोलवायला बिचकतात ते माझ्या जिभेमुळे. ती मला माझ्या बापाकडून मिळाली आहे, त्यात तुझा काही वाटा नाही. पण तू माझं एक अक्षर ऐकलं नाहीस आणि पिशवी भरलीस.

आता पुढचं वाचून पवनवर डाफरू नकोस, तो तुझ्यासमोर उभा असेल. तू आईला सांगतेस की घुग्घुसला मिस्त्रीचं काम मिळालंय, मोठ्या कॉलनीच्या भिंती लावते. मागे पवन त्या कॉलनीवर माल टाकायला आला होता. तू डोक्यावर विटा घेऊन परांची चढत होतीस. वर जो भिंत लावत होता त्याला, पवनच्या म्हणण्याप्रमाणे, सूतही धड बांधता येत नव्हतं. पवन इथे येऊन म्हणाला, 'काका, पुनमताई तं रेजाचं काम करून राह्यली.' रेजाचं काम हलकं आहे असं मी कधी म्हणणार नाही. तुझ्या आईने अर्धं आयुष्य डोक्यावर विटा वाहिल्या, तेव्हा घरात चूल पेटली. पण कोपरा उचलणाऱ्या हातांनी दिवसभर दुसऱ्याच्या वाकड्या भिंतीला विटा पुरवायच्या, हे मला सहन होत नाही. पोरी, मला जेवण गेलं नाही. त्या ठेकेदाराला तू एकदा तरी विचारलंस का, मला करणी दे म्हणून? विचारलं असशील. मला माहीत आहे तू विचारलं असशील, आणि तो हसला असेल. आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. ती अजून नळावर बायांना सांगते, 'माही पोरगी घुग्घुसले मिस्त्री हाये,' आणि मी तिथे असलो तर मान डोलावतो.

तर असं सगळं डोक्यात घेऊन बसलो असताना मागच्या आठवड्यात हेटीटोल्याच्या दुर्गाबाई आल्या. तुला आठवत असतील. जंगलातलं ते गाव, मला ताप भरला म्हणून जिथे तू एकटी जाऊन विहिरीचा कठडा बांधून आलीस. त्यांच्या बायांच्या गटाला मोहफूल आणि हिरडा ठेवायला विटांचं पक्कं गोदाम बांधायचं आहे, मोह पडायला लागायच्या आत. मला हुरूप आला. म्हटलं, उद्याच येतो, झिंगूला घेऊन येतो. त्यावर त्या 'आधी ये तं खरं, भाऊ,' एवढंच म्हणाल्या.

गेलो. त्यांनी गोदामाची जागा दाखवली नाही, आधी विहिरीवर नेलं. मी तो कठडा पाहिलेलाच नव्हता. ताप उतरला तेव्हा दुसरं काम लागलं होतं, आणि तूही कधी म्हणाली नाहीस की चला, बघा. गोल भिंतीला कोपरा नसतो, म्हणून एकट्या मिस्त्रीला लावता येईल अशी तेवढी एकच भिंत. तरी गोलाई राखणं म्हणजे खायचं काम नाही. आतले सांधे बारीक, बाहेरचे जाड, आणि फिरत फिरत परत पहिल्या विटेपाशी यायचं तर शेवटची वीट तिथे नेमकी बसायला पाहिजे. मी हात फिरवत पूर्ण फेरी मारली. मग उलटी मारली. जंगलाकडच्या बाजूला एक सांधा बोटभर जाड झालाय. बाकी मला काही सापडलं नाही, आणि पोरी, मी चांगला वेळ लावून शोधत होतो. पाणी भरायला आलेल्या बाया घागरी कठड्यावर टेकवून माझ्याकडे बघत होत्या.

दुर्गाबाईंना मी नानाजींच्या चौकटीची गोष्ट सांगितली. त्यांना आधी ती समजलीच नाही, दुसऱ्यांदा सांगावी लागली. त्यांच्याकडे कुडाच्या भिंतीला माती थापतात त्या बायाच. आईच्या हाताखाली पोरी शिकतात, तशी तू माझ्या हाताखाली शिकलीस. 'भिंतीले बाईचा हात नाई लागला तं आमच्या इथी घर पुरंच होत नाई,' असं म्हणून त्या बाकीच्या बायांशी गोंडीत काहीतरी बोलल्या आणि सगळ्या हसल्या. मला वाटतं, माझ्यावर हसल्या.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. पहिल्या ओळीत लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, बाबांनी हातापाया पडून जमवलं, आणि कागद पवनच्या हातात परत दिला असतास. ते गोदामाचं काम मला मिळालेलं नाही. मी विहिरीपाशीच मापं बोलायला लागलो, तर दुर्गाबाई म्हणाल्या, 'काम तुले नाई, भाऊ. ही विहीर बांधली त्या मिस्त्रीले बलाव. तुले यायचं असन तं तिच्या संगं ये.' इतक्या वर्षांत मला असं कोणी बोललं नव्हतं. गाडी चालवत अर्धा रस्ता मी धुसफुसत होतो. मग फाट्यावरच्या पानठेल्यावर थांबलो. पानवाल्याने विचारलं, कुठून येऊन राह्यले भाऊ, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, माझ्या पोरीचं काम पाहून. तेव्हा तुला मिस्त्री म्हणून बोलावणं आलंय, आता आपला शब्द पाळ. पवन जे सिमेंट भरणार आहे ते त्याच गोदामाचं आहे, गटानेच त्याला आणायला पाठवलंय, विचार त्याला. पोती भरताना तू उभी राहा, गाठी धरलेलं जुनं पोतं घेऊ नकोस, ते पाहणं मिस्त्रीचं काम आहे. ट्रकमध्ये पुढे एक जागा रिकामी आहे. आईला येऊन काय ते तूच सांग. झिंगूला मी रजा दिली आहे, बिचारा सुटला. पहिला कोपरा तुझा, दुसऱ्याला मी उभा राहतो. माझ्या कोपऱ्याला ओळंबा लावून बघायचा की नाही, ते आता तू ठरव.

तुझाच,
सुताचं दुसरं टोक धरून थांबलेला
बाबा