‘बरं’ या शब्दाची नोंद ‘समाधान’ अशी न करण्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता (विद्युत),
कर्मचारी वसाहत देखभाल उपविभाग.

विषय: निवासस्थान क्र. ब/११ मधील गीझर दुरुस्त न होताच चार वेळा बंद झालेली तक्रार पुन्हा उघडण्याबाबत.

संदर्भ: १) तक्रार क्र. ३१८ व त्यावरील चार समाधान-अभिप्राय.
२) आपल्या कार्यालयाने भरावयास दिलेले परिशिष्ट ‘ड’.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी लिपिक असून पत्नी व वडील यांच्यासह सदर निवासस्थानी राहतो. वडील एकतीस वर्षे बस आगारात गाड्यांच्या घोषणा करीत असत. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू बधिर झाली आणि वाचा गेली. इतक्या शब्दांपैकी एकच शब्द मागे राहिला, तो म्हणजे ‘बरं’. चहा हवा असला तरी ‘बरं’, नको असला तरी ‘बरं’. प्रस्तुत प्रकरणाचे मूळ याच शब्दात आहे.

२. डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार रोज सकाळी त्यांचा डावा हात पंधरा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून बोटे सोडवावी लागतात. तीन महिन्यांच्या खटपटीनंतर बोटे उघडू लागली होती, रिकामा कप धरता येत होता. अशातच गीझरचा लाल दिवा लागूनही पाणी गारढोण येऊ लागले, म्हणून तक्रार नोंदविली.

३. गीझरला वसाहतीचे सील असल्याने बाहेरचा कारागीर लावता येत नाही. आपले वायरमन अकरा ते एक या वेळेत येतात, आणि त्या वेळी घरात एकटे वडील असतात. पहिल्या खेपेस वायरमननी बटण दाबले, दिवा लागला, ‘बाबा, चालू आहे ना?’ असे विचारले. वडील ‘बरं’ म्हणाले. तक्रार बंद झाली. दुसऱ्या खेपेस कॉइल बदलली, परंतु थर्मोस्टॅट अडकलेला असल्याने पाणी उकळतच बाहेर येऊ लागले. ‘बघा बाबा, कसं कडक झालंय,’ असे वायरमन म्हणाले आणि वडिलांनी बघण्यासाठी रोजच्या सवयीने बादलीत डावा हात घातला. त्या हाताला काही कळत नाही. ते ‘बरं’ म्हणाले. हाताला आलेले फोड संध्याकाळी पत्नीने पाहिले. त्या दिवशीचा अभिप्राय असा आहे: ‘पाणी गरम. ग्राहक समाधानी.’

४. तिसऱ्या खेपेस थर्मोस्टॅट बदलण्यात आला. तेव्हापासून गीझर लावला की एमसीबी पडून घरातली सगळी वीज जाई. यावर इलाज म्हणून चौथ्या खेपेस गीझरची वायरच काढून ठेवण्यात आली. वीज जाणे त्यामुळे थांबले, हे मी मान्य करतो. वडील त्या दिवशी चिडले असावेत, कारण अभिप्रायात त्यांचे उद्गार ‘बरं बरं’ असे नोंदवून पुढे ‘अतिशय समाधानी’ असा शेरा मारला आहे. महोदय, ‘बरं बरं’ म्हणजे ‘पुरे झालं तुमचं’, हे शेंबड्या पोरालाही कळते. आपल्या नोंदवहीत मात्र ते कळण्याची सोय नाही.

५. मी हातावर हात ठेवून बसलो नाही. दारावर चिठ्ठी लावली: ‘वडिलांचे बरं धरू नये. कृपया पाण्यात स्वतः हात घालून बघावा.’ ती काढून अभिप्रायास ‘ग्राहकाचे लेखी पत्र’ म्हणून जोडण्यात आली. दोन दिवस रजा टाकून घरी बसलो, त्या दोन्ही दिवशी कोणी फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी मी कामावर गेलो आणि आपल्या कार्यालयातून घरी फोन आला की, गीझरबाबत काही म्हणणे आहे काय. तो वडिलांनी उचलला. पुढे काय झाले हे आपणास लिहून कळवण्याची गरज नाही.

६. सध्या गॅसवर पातेले ठेवून भागवतो. पण पत्नीची शाळा सातची, माझी बस साडेसातची, त्यामुळे पंधरा मिनिटांच्या जागी जेमतेम चार मिनिटे मिळतात. बोटे पुन्हा मिटली आहेत. नखे तळहातात रुततात, म्हणून पत्नी मुठीत रुमालाची घडी ठेवते. मला फार भीती वाटते, हे अर्जात लिहीत नाहीत, पण लिहितो. आणखी एक महिना असाच गेला तर ती मूठ उघडणार नाही, असे डॉक्टर म्हणाले आहेत.

७. आपल्या कार्यालयातील बाईंनी आपुलकीने मार्ग सुचविला. परिशिष्ट ‘ड’ भरून दिल्यास घरातील व्यक्तीचे म्हणणे ग्राह्य धरले जात नाही व तक्रार पुन्हा उघडते. सहा रकाने भरले. सातव्यात मजकूर छापलेलाच आहे: ‘सदर व्यक्तीच्या बोलण्यास अर्थ नाही, असे मी प्रमाणित करतो.’ त्याखाली सही करावयाची आहे.

८. काल सकाळी पेन घेऊन बसलो. वडील समोरच्या खुर्चीत होते. त्यांनी मान वर करून ‘बरं?’ असे विचारले, म्हणजे काय लिहितोस. कचेरीचं काम आहे, असे मी सांगितले. ते ‘बरं’ म्हणाले आणि खुर्ची खिडकीकडे वळवून बसले, म्हणजे लिही बाबा, मी मध्ये येत नाही. मला दोन्ही वेळा कळले. मग अर्थ नाही असे कोणत्या तोंडाने प्रमाणित करू?

९. सबब विनंती की, वायरमन रविवारी, मी घरी असताना पाठवावेत. ते नियमात बसत नसल्यास त्यांनी वडिलांना काहीही विचारावे, मात्र अभिप्राय पाण्याचा घ्यावा.

१०. एक रकाना कोरा असल्यास परिशिष्ट अपूर्ण ठरते आणि अर्ज दप्तरी दाखल होतो, याची मला पूर्ण जाणीव आहे. असे अर्ज दप्तरी दाखल करण्याचे काम अभिलेख कक्षात माझ्याच टेबलावर आहे. हाही तिथेच येईल, आणि मला त्यावर शिक्का मारावा लागेल. तरीही रकाना कोरा ठेवून अर्ज सादर करीत आहे.

कळावे, आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,

(सही)
अर्जदार, निवासस्थान क्र. ब/११
दिनांक: १९ जानेवारी

सोबत: चार अभिप्रायांच्या प्रती, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, डाव्या हाताचे छायाचित्र, परिशिष्ट ‘ड’.