टाचणीचं माहेर

सोलापूर, वैशाख, सन १९३१

वडीलबंधूसमान शिवयोगी अण्णांस, धाकट्या मेहुण्याचा, मल्लप्पाचा शरणु शरणार्थ. आपला खोकला थांबला का? आपण अक्कलकोट सोडून शिरसीच्या जंगलखात्यात गेलात, तिथल्या गारव्यात सुखी असाल. इथं आम्ही भाजून निघालोय.

पत्रास कारण टाचणी. गेल्या खेपेस आपल्या घरामागच्या ओढ्यावर मी धरली ती. (चतुराची बारकी बहीण, काळी, काडीएवढी, शेपटीच्या टोकाला निळा ठिपका, बसली की पंख मिटून घेणारी.) दाट रानातला सावलीचा ओढा सोडून ती जगत नाही म्हणतात. पण मी पडलो सृष्टिज्ञानाचा मास्तर! सोलापुरात जगवून दाखवतो, असं हेडमास्तरांपुढं बोलून बसलो. घेतला वसा टाकणाऱ्यातला मी नव्हे.

म्हणून न्हाणीतच रान केलं. अळू लावलं, दगड रचले, घागरींनी पाणी ओतून ओढा वाहता ठेवला. (नळाला तासभरच पाणी येतं, त्याला मी काय करू?) सावलीला पेटीतलं एक इरकली लुगडं ओलं करून वर टांगलं. ते नेमकं गौरम्माचं, आमच्या लग्नातलं निघालं. पदराचा तांबडा रंग सगळ्या ओढ्यात उतरला, तरी टाचणी ठणठणीत! आनंदानं गौरम्माला हाक मारली. ती सोमवारच्या पूजेची भरलेली घागर शोधतच आली. घागर ओढ्यात रिकामी झाली होती.

"हितं पूजेला पाणी न्हाय आन् टाचणीला गारवा व्हय! मी चालले म्हायेराला. हिलाबी नेते, हिचंबी म्हायेर तितंच हाय की!" म्हणाली, आणि टाचणी डबीत घालून शिरसीला आपल्याकडे यायला हुबळीची गाडी धरली.

मी हटणार नाही. येत्या सोमवारी जाळं घेऊन स्वतः येतो, दुसरी टाचणी धरायला. रुसून गेलेल्या बायकोला आणायला नवऱ्यानं जायचं नसतं, भावानंच आणून सोडायचं असतं, ही आपल्यातली रीत मला ठाऊक आहे. तेव्हा गैरसमज नसावा. मी निव्वळ शास्त्रासाठी येतोय.

आपला,
मल्लप्पा

ता. क. सोमवारी गौरम्मा घरीच असेल ना? सहज विचारलं.

आणखी ता. क. ओढा मोडला. घागरी भरून ठेवल्यात. अळूची भाजी केली, घसा अजून खाजतोय. (चिंच घालायची असते, हे सांगायला घरात आहे कोण?) घर खायला उठतंय, अण्णा.

शेवटचा ता. क. जाळं आणत नाही. तिला एवढंच सांगा.