तेजरामभाऊंचा आवाज

एकोडी, ता. साकोली
६ ऑक्टोबर २०२४

चि. अंकुश यास तेजरामचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोन केला की तू शूटिंगमध्ये असल्याचा निरोप पाठवतोस, म्हणून पत्र लिहितो. ते मधेच कापता येत नाही.

तुझी मुलाखत तुझ्या पुतणीने, गुंजनने, मोबाईलवर दाखवली. नट होतास, आता दिग्दर्शक झालास, ऊर भरून आला. वीस वर्षांत एकदाही वाक्य विसरलो नाही, असंही तू त्यात सांगितलंस. तुझी वहिनी इतकी हसली की चुलीवरचा भात लागला. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिच्या नाटकात तू स्टेजवर आणि मी स्टेजपुढच्या खड्ड्यात वही घेऊन. सात वर्षं मी खालून सांगायचं आणि तू वर म्हणायचं. पण मोठ्या माणसाच्या मुलाखतीत प्रॉम्प्टर कशाला हवा, बरोबरच आहे.

पहिला सिनेमा गावातच करतो आहेस, गावकऱ्यांनाच घेतो आहेस, चांगलं आहे. मंगरू आतापासून रोज दाढी करून बसतो. कॅमेऱ्यापुढे खड्डा खणून ठेवू का, ते कळव. वहिनी विचारते की मुंबईचे लोक आमच्या हातचं खातील, की त्यांच्यासाठी पाणीसुद्धा मुंबईहून येणार?

लोभ ठेव, मुलाखतीत नाही सांगितलास तरी चालेल.
तेजराम


मुंबई
२८ ऑक्टोबर २०२४

ती. तेजरामभाऊंस शि. सा. नमस्कार, वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. वहिनींच्या हातच्या झुणक्याची इथे सगळे आठवण काढतात. तुमचीही काढतात, पण वेगळ्या कारणाने.

खड्डा नको म्हणालो, तर तुम्ही कॅमेऱ्यामागे उपडं घमेलं टाकून बसलात. आठ दिवसांचं रेकॉर्डिंग काल ऐकलं. मंगरूचं प्रत्येक वाक्य आधी तुमच्या आवाजात येतं, मग त्याच्या. तुलारामभाऊ रडतात, त्याच्या आधी आता रडा अशी तुमची सूचना स्वच्छ ऐकू येते. साउंडवाल्या मुलीने विचारलं की सिनेमात आकाशवाणी आहे का.

निर्माते चिडले आहेत. शेवटचा सीन नीट झाला तरच पुढे जायचं, नाहीतर सिनेमा बंद, असं त्यांनी सांगितलं. सीन असा आहे की बाप तुलारामभाऊंच्या धानाच्या बांधावर उभा राहून मुलाची माफी मागतो. बाप मीच करतो आहे. ते धान कापणीला आलं आहे, त्यामुळे १२ नोव्हेंबरची एकच संध्याकाळ हातात आहे. त्या दिवशी तुम्ही कृपा करून वरठीला शकुनताईकडे जा. गावात असलात तर तुम्हाला राहवणार नाही. भाऊ, वीस वर्षांची कमाई पणाला लागली आहे.

राग मानू नये, लोभ कमी करू नये.
आपला,
अंकुश


वरठी
१२ नोव्हेंबर २०२४

चि. अंकुश यास आशीर्वाद, वि. वि.

हुकमाप्रमाणे वरठीला हजर आहे. शकुनने विचारलं, भाऊ, कापणी सोडून काहून आलास. मुंबईच्या साहेबाने तडीपार केलं, असं सांगितलं. तिला वाटलं मी मजा करून राहिलो.

माझा आवाज ऐकू गेला, याची तुझ्यापेक्षा मला जास्त लाज वाटते. तीस वर्षांत पहिल्या रांगेतल्या माणसालाही तो कधी गेला नाही. पण खड्ड्याशिवाय, उघड्यावर बसवलंस, तिथे मी तो कुठे लपवणार? तू घरी बसा म्हणाला असतास तर बसलो असतो. गाव सोडायला सांगितलंस, ते मनाला लागलं.

शकुनचा निकेश मोटारसायकलने एकोडीला निघाला आहे, त्याच्या हाती हे देतो. सीन छान कर. तू तर वाक्य विसरत नाहीस.

लोभ तूर्त वरठीतच आहे.
तेजराम


साकोली, लॉजवरून
१२ नोव्हेंबर २०२४

ती. भाऊंस शि. सा. नमस्कार, वि. वि.

सीन झाला नाही. अकरा वेळा बांधावर उभा राहिलो. तोंड उघडायचो आणि नजर आपोआप पायाशी जायची. तिथे कोणी नव्हतं. भाऊले बोलावू का, असं मंगरूने विचारलं, तर मी त्याच्यावर ओरडलो. सूर्य बुडाला.

मुलाखतीत खोटं बोललो. मुंबईत कॅमेऱ्याच्या बाजूला माझ्यासाठी पाटी धरतात, ते सगळ्यांना माहीत आहे. तुलारामभाऊ उद्या धान कापणार, सीन पुन्हा होणं नाही, म्हणून मी ठरवलं आहे की या सीनशिवायच सिनेमा पुरा करायचा, तुमच्या आवाजासकट आधीचं रेकॉर्डिंग तसंच ठेवायचं आणि पडद्यावर माझ्याआधी तुमचं नाव द्यायचं. निर्मात्यांना कसंही पटवीन. जगाला तुमचा आवाज कळू दे.

मी वाईट वागलो, भाऊ.
अंकुश


एकोडी
१३ नोव्हेंबर २०२४

चि. अंकुश यास आशीर्वाद, वि. वि.

वा रे दिग्दर्शक! तीस वर्षं कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून जपलेला आवाज तू जगाला ऐकवणार, आणि वर माझं नाव लावून. बदनामी करायची तर नाव तरी नको घालूस. तो आवाज आधी काढून टाक.

निकेश रात्री तुझं पत्र घेऊन आला, त्याच्याच गाडीवर पहाटे परत आलो. तडीपारी मोडली, काय शिक्षा द्यायची ती दे. तुलाराम विळा घेऊन शेतात उतरतच होता. बांधालगतचे दोन पट्टे उभे ठेवायला त्याला राजी केलं. पण उद्याच्या पुढे थांबणार नाही म्हणतो, लोंब्या झडून राहिल्या. म्हणून उद्या दुपारी सगळ्यांना घेऊन ये.

बांधापुढे कमरेइतका खड्डा मी सकाळीच खणून घेतला. आवाजाची काळजी करू नकोस, तुझ्या त्या लांब काठीच्या माईकला माझा श्वासही मिळणार नाही. मी नुसते ओठ हलवीन. तू समोरच्या मुलाकडे बघ आणि अडलास की खाली बघ. बाप माफी मागताना मान खालीच घालतो.

तुझ्या सिनेमाची वही पाहिली. तुझं वाक्य तीनच शब्दांचं आहे, माझं चुकलं बाबू. लहानपणापासून एवढंच तुझ्या तोंडून निघत नाही. असू दे. नेहमीसारखं आधी मी म्हणतो, मागून तू म्हण.

जेवायलाच ये, वहिनी वाट बघते.
तुझा भाऊ,
तेजराम